सव्वीस वर्षं न चुकलेली आग

मेलोदर मठाचं कूळ होता, साधू नव्हे. साधूंनी प्रार्थना करायची आणि याने कड्यावरच्या लोखंडी टोपलीत जहाजांसाठी आग पेटवायची, अशी वाटणी. सव्वीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा गडी भरल्या पंगतीतून उठून कड्यावर गेला होता. बायको, देरवल, ते अजून उकरून काढायची.

त्या दुपारी समुद्रात चार परकी शिडं दिसली. गेल्या उन्हाळ्यात उत्तरेकडून येऊन ज्यांनी पलीकडचा मठ जाळला, तसलीच. मठाधिपती सेगेन धापा टाकत स्वतः कडा चढून आले.

"आज आग नको. अंधारात त्यांना आपली खाडी सापडायची नाही."

"पण महाराज, माझा फेलान बाहेर आहे."

"देव बघेल त्याच्याकडे."

फेलान त्याचा एकुलता एक. सकाळीच कातड्याची होडी घेऊन सीलच्या शिकारीला गेलेला. खाडीच्या तोंडाशी खडकच खडक. आगीशिवाय आत येणं म्हणजे मरणच.

दिवस कलला. देरवल ओटची पेज घेऊन आली आणि रिकामी टोपली बघून तिथंच थबकली.

"सव्वीस वर्षं जगाला वाट दाखवलीत," ती म्हणाली, "आणि पोटच्या पोराला अंधारात मारणार? त्या सेगेनचं काय जातंय? ना बायको, ना पोर!"

मेलोदरला भीती वाटत होती. खाली एकोणीस साधू होते. पण बाप तो बापच. त्याने आग पेटवली.

घटकाभराने फेलान हसत हसत कडा चढून वर आला. देरवलने त्याला कवटाळलं.

"उगाच घाबरलो, बाबा! ती शिडं बघून सीलच्या बेटाआड लपलो होतो. म्हटलं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. मग तुमची आग दिसली. म्हटलं, बाबांनी पेटवली म्हणजे गेले ते."

मेलोदरने वळून टोपलीतल्या आगीकडे बघितलं. पोरगा सुखरूप होता. पण त्या सुरक्षित आडोशातून त्याला बापाच्याच आगीने बाहेर बोलावलं होतं.

समुद्राकडून वल्ह्यांचा आवाज येऊ लागला. पुष्कळ वल्ही, एका तालात.

"बाबा, हे कोण?"

मेलोदरने दोघांना दलदलीच्या वाटेकडे ढकललं आणि तो मठाच्या घंटेकडे धावत सुटला. घंटा खाली होती, खाडीच्या काठावर.