घरात हालचाल नाही

बाबा मेडशीच्या घरी एकटे राहतात. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण आम्हा दोघा भावंडांची झोप मोडली. मी जवळच्या मालेगावला शाळेत शिकवते, दादा पुण्यात. दादाचं म्हणणं, बाबांना पुण्याला नेऊ. बाबांचं म्हणणं, पुण्यात काय करू, दिवसभर लिफ्टनं खालवर फिरू? घरात कॅमेरा लावू म्हटलं तर ते भडकलेच.

"मी काय ढोर हाओ, राखण ठेवाले?"

मग दादाने इंटरनेटचा नवा डबा आणला. तो त्याच विषयातला इंजिनियर. त्याने सांगितलं ते असं: ज्या लहरींवर आपण व्हिडिओ कॉल करतो, त्याच लहरी भिंतींवर, भांड्यांवर, माणसांवर आपटून परत येतात. माणूस हलला, नुसता श्वास घेतला, तरी त्यांच्यात फरक पडतो. तो फरक वाचला की फोटो न काढता कळतं, घरात कोणी आहे का. निरोप नेणं आणि चाचपून पाहणं, दोन्ही कामं एकाच लहरीची. मला वाटलं, झाली याची जाहिरात सुरू. बाबांना मात्र लगेच पटलं. त्यांची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली.

"आमची घंटी तशीच," ते म्हणाले. "डबल देल्ली का गाडी निघे. पण दोरी कशी वढली त्याच्यावरून डायवरले समजे, मांगं गर्दी किती हाय."

दादाने आम्हा सगळ्यांना बाहेर काढून डब्याला रिकामं घर शिकवलं, मग बाबांना आत फिरवून भरलेलं घर शिकवलं. जाताना अट घातली: डब्याने एकदा जरी वाईट खबर दिली, तर पुण्याला यायचं. बाबा "बरं" म्हणाले. ते बरं मला अजिबात बरं वाटलं नाही.

पावसाळा सुरळीत गेला. माझ्या फोनवर रोज दिसायचं, "घरात हालचाल आहे." मी निवांत तास घ्यायचे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा उघडायच्या आधी फोन पाहिला तर, "घरात हालचाल नाही." सकाळपासून नाही. बाबांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. शेजारच्या काकूंना लावला, तर त्या सोयाबीन सोंगायला वावरात. तेवढ्यात दादाचा फोन, "तुला पण दिसतंय का?" मी त्याच्यावरच खेकसले. दिसत नसतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी बोलले. मुख्याध्यापकांना धड न सांगताच स्कूटी काढली.

रस्ताभर देवाला आणि दादाच्या डब्याला आळीपाळीने बोलत होते.

घराचं दार आतून बंद. कडी वाजवली, हाका मारल्या, लाथसुद्धा मारली. आत फोन वाजल्याचं ऐकू येत होतं, कारण दादा फोन लावायचा थांबतच नव्हता. काकूंच्या अंगणातून वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले. आत बाबा जमिनीवर पाय पसरून भिंतीला टेकलेले. मान खाली.

मग त्यांचा हात हलला. त्या हातात दोरी होती. ते बाज विणत होते.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला, आणि लगेच मी ओरडायला लागले. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, एसटीच्या खडखडाटात तो गेलेला. उजवा कान माझ्याकडे वळला तेव्हा कुठे उठले, दार उघडलं.

"काहून दार तोडून राह्यली वो माय?"

"तुमी दार काहून लावलं होतं?"

"बकऱ्या येतात ना. सोयाबीन हाय घरात."

समोरची खोली पाहिली आणि सगळा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी आमचं शेत कसणाऱ्या बटईवाल्याने आमच्या वाट्याचं सोयाबीन आणून टाकलं होतं. भाव येईपर्यंत ते घरातच राहणार, हे दरवर्षीचंच. डबा आणि मागची खोली यांच्यामध्ये आढ्यापर्यंत पोत्यांची भिंत उभी होती. डब्याच्या लहरी त्या ओलसर दाण्यांत जिरल्या, समोर राहिलेल्या फोनची रिंगही पोत्यांच्या अलीकडेच अडली. पुण्यातल्या इंजिनियरने वऱ्हाडातलं घर मे महिन्यात मोजलं होतं, दुसरं काय.

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, डबा दुसरीकडे ठेव, त्याला घर पुन्हा शिकवावं लागेल, दोघंही बाहेर जाऊन थांबा.

डबा मधल्या दाराच्या चौकटीवर ठेवला आणि आम्ही बाप-लेक अंगणात उभे राहिलो. माझ्या फोनवर रिकाम्या घराची रेघ उमटत होती. सरळ, कुठे उंचवटा नाही. बाबाही वाकून बघत होते.

"हे घर काय आपलं?"

"हो."

 त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"मंग, जा लागते काय मले पुण्याले?"

त्या रेघेकडे बघून मला कसंसंच झालं. बाबांना नेलं, की ही अशीच राहणार होती.

"नाई," मी म्हणाले. "दादाले मी पाहून घेईन. तुमी आत जा."

उन्हाळ्यात पडल्यापासून त्यांना एवढ्या झपाट्याने चालताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी उंबरा ओलांडला आणि फोनवरची रेघ थरथरायला लागली. मी पदराने डोळे पुसत होते, तेवढ्यात पोत्यांमागून हाक आली.

"दिसलो काय वो माय?"

"दिसले, बाबा."