तुटलेल्या कॉलचा नियम

ट्रंक कॉलच्या टेबलाशी वर्षभर बसलं की किस्से आपोआप साठतात. माझ्या किश्श्यांत मूर्ख बहुतेक मीच असते.

मद्रासहून शिकून अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून आले, तेव्हा वाटलं होतं, तारांनी देश जोडायचा आहे. इथे आधी अचलपूरच्या ऑपरेटरला उठवायचं होतं. दुपारी जेवून ते झोपत. साध्या घंटीला उठत नसत. एक लांब घंटी मात्र साहेबांची समजून ताडकन उठत. ही युक्ती जुन्या ऑपरेटर कमलताईंनी मला सांगितली. मी उत्साहाने दर कॉलला लांब घंटी देऊ लागले. आठवड्यात ते साहेबांच्या घंटीलाही उठेनासे झाले!

*

लाइन तर रोज तुटे. एकदा संत्र्यांचे एक व्यापारी लाइन तुटल्यावरही बूथमध्ये बोलतच होते. मी काचेवर टकटक केली. लाइन गेली, काका, म्हटलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "पण भागीदार ऐकत असता, तर त्यानं इतकं बोलू देलं असतं का?"

*

लाइन आली की कमलताई तुटलेला कॉल सगळ्यांच्या आधी जोडून देत. मला तो रांगेवर अन्याय वाटला. मी फळ्यावर लिहिलं: तुटलेला कॉल रद्द, नवा नंबर रांगेच्या शेवटी.

कमलताईंनी वाचलं. "बाई, त्या माणसाचं अर्धं बोलणं तोंडातच हाय अजून."

नियम म्हणजे नियम, मी सांगितलं.

*

मग बार्शीटाकळीहून विमल कॉल करायला आली. अमरावतीच्या एका शाळेत तिची शिक्षिकेची नोकरी ठरत होती. हेडमास्तरांना पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसरीला. त्यांनी तिकडून विचारलं, सोमवारी येता का? आणि लाइन गेली.

नियमाप्रमाणे विमलचा नंबर नववा. ती बाकावर बसली. दोन तासांनी मलाच राहवेना. मी तिच्याजवळ जाऊन रांगेतली समता समजावू लागले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमी सांगून राहिल्या तवाच लाइन आली," ती कमलताईंकडे बोट दाखवत म्हणाली. "त्या ताई बोलून राहिल्या ना."

पाच वाजून गेले होते. मी धावत जाऊन प्लग लावला. अमरावतीची ऑपरेटर म्हणाली, "हेडमास्तर घरी गेले. मी त्यायले पाचच्या आतच सांगून देलं, पोरगी येते म्हणते."

"पण ती तसं म्हणालीच नाही!"

"कमलताईनं सांगितलं, दोन घंट्यापासून बाकावर बसून हाय. नाही म्हणासाठी कोणी इतकं बसते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला आणि कमलताईंच्या शेजारी, शिकाऊ मुलींच्या स्टुलावर जाऊन बसले.