फुलवंताबाईची परात

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर फुलवंताबाईने पंचवीस हंगाम काढले. माहेर रनाळ्याचं, सासर शहराच्या कडेच्या भिल्लवस्तीत, भिलाटीत. दसऱ्यानंतर ओली लाल मिरची उन्हात पसरायची, वाळली की देठ खुडायचे. होळीपर्यंत हेच काम. तिखट कातडीत असं मुरतं की साबण हरतो. त्या महिन्यांत घरची कणीक सून आशा मळे, आणि नातवाला घ्यायचं झालं तर फुलवंताबाई त्याला आधी गोधडीत गुंडाळे.

गुरुद्वाऱ्यात ती पहिल्यांदा गेली ती लंगरमध्ये, सगळ्यांच्या पंगतीत जेवायला. गुरू नानकांची जयंती होती. "तठे कोनी जात इचारत नही," असं पथारीवरच्या बायकांनी सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं. मग ती दर रविवारी जाऊ लागली. भांडी घासली, अंगण झाडलं, डाळ-भात वाढला. तिथे ग्रंथपाठ करणारे ग्यानीजी मूळचे नांदेडचे, मराठी बोलणारे. भांडी घासता घासता तिने त्यांच्याकडून नानकांच्या गोष्टी ऐकल्या. त्यातली एक ती पुन्हा पुन्हा सांगायला लावी : नानकांनी बड्या अधिकाऱ्याची मेजवानी नाकारली आणि लालो सुताराच्या घरी जाऊन जाडीभरडी भाकर खाल्ली. राबून खा, वाटून खा, नाव घे. एवढं तिला पाठ झालं होतं.

लंगरच्या रोट्यांना मात्र तिने कधी हात लावला नाही. रोट्या तिथे फक्त जयंतीला होत, आणि जयंती येते कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे ऐन हंगामात. आपल्या हातची रोटी एकदा तरी त्या पंगतीत जावी, असं तिच्या मनात फार होतं.

यंदा तिने पथारीचे मालक पितांबरशेठ यांच्याकडे आठ दिवसांची सुट्टी मागितली.

"घरमा लगन शे का?"

"नही शेठ. हात धवाना शेतस."

"आठ दिन? हात शेतस का भिंती?" शेठ म्हणाले, पण सुट्टी दिली.

ताक झालं, चिंच झाली, गोडेतेल आणि राखही झाली. रोज सकाळी ती बोट स्वतःच्या पापणीला लावून बघे. आठव्या दिवशीही डोळ्यातून पाणी आलं.

जयंतीच्या सकाळी ती परातीपासून चार हात लांब उभी राहिली. लंगरचं सगळं बघणाऱ्या बीबीजींनी हाक मारली, "आ जा फुलवंता, आटा वाट बघतोय."

"नको बीबीजी. पोरे रडतीन." मग ती ग्यानीजींकडे वळली. "लालोनी भाकर तिखी ऱ्हाती, ते नानकजीनी काय करं ऱ्हातं?"

ग्यानीजी हसले नाहीत. म्हणाले, "पाणी मागितलं असतं. पानावरून उठले नसते."

"अन् पोरे?"

"बच्चे पहिल्या पंगतीत जेवून जातात," बीबीजी म्हणाल्या. "तुझी परात शेवटच्या पंगतीला. तिथे आपण वाढणारेच असतो."

फुलवंताबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे मन्ही येगळी?"

"वेगळी कशी? मी तुझीच रोटी खाणार, ग्यानीजी तीच खाणार. आता बस, मला अजून डाळ बघायची आहे."

ती बसली. कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि पिठात पाणी ओतलं. कणीक मळून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सगळा वेळ दात आवळून बसलो होतो.

शेवटची पंगत तीनला बसली. जयंतीच्या सेवेला येऊन दिवसभर पाणी वाढणारे पितांबरशेठही मांडी घालून तिच्यात बसले. फुलवंताबाई टोपली घेऊन रोट्या वाढत गेली. दुसऱ्या घासाला शेठचं नाक वाहू लागलं.

"काय घालं व रोटीमा?"

"शेठ, तुमनाच माल शे."

पंगत हसली. ग्यानीजींना ठसका लागला आणि बीबीजींनी त्यांच्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला. ते पाणी प्याले, डोळे पुसले आणि उरलेली रोटी डाळीत बुडवून संपवली. कोणी पानात तुकडा टाकला नाही. फुलवंताबाई प्रत्येकाच्या थाळीत डोकावून बघत होती.

ती स्वतः बसली तेव्हा टोपली रिकामी होती. तिने भात घेतला.