आधी चावा, मग प्या

गिऱ्हाईक टेबलाशी बसलं की गायकवाड बाई ग्लासाऐवजी मूठभर भाजलेली बार्ली पुढे करायच्या. "आधी चावा, मग प्या." हडपसरला एका हॉटेलात बिअर तिथेच बनायची. ती बनवायचं काम बाईंचं आणि टेबलं सांभाळायचं माझं, त्यामुळे पहिली बोलणी मलाच बसायची. आयटीतली पोरं कुरकुरायची, "सर, हा काय चखणा आहे?" मग चावता चावता आणखी मूठभर मागायची. काळ्या बिअरला येणारी कॉफीसारखी चव या करपवलेल्या दाण्यांची असते, हे त्यांना तेव्हा कळायचं.

बाई मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या, आधी एका डेअरीत होत्या. "बाईमाणूस असून दारू करता?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायच्या, "तुमच्याकडे इडलीचं पीठ कोण आंबवतं?" बर्फगार बिअर मागणाऱ्याला सांगायच्या, "जीभ बधिर करून काय चाखणार? त्यापेक्षा बर्फच चोखा." आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टबद्दल, "पाणी, बार्ली, हॉप्सची कडू फुलं आपल्या हातात. यीस्ट म्हणजे जावई! त्याच्या कलानंच घ्यावं लागतं."

एकदा शनिवारी एका कंपनीची मोठी पार्टी ठरली. मालक अण्णा गावची जमीन विकून या धंद्यात उतरलेले, घाई फार. बिअर पार्टीला तयार हवी म्हणून बाईंना न विचारता त्यांनी टाकी मुदतीआधीच थंड करायला लावली. आंबताना बिअरला लोण्यासारखा वास येतो; टाकी अजून थोडे दिवस उबेत राहिली असती तर यीस्टनेच तो खाऊन टाकला असता. गारठ्यात यीस्ट निजलं आणि वास तसाच राहिला.

"म्याडम, कुणाला कळतंय? आंब्याचं इसेन्स टाका. हाय काय अन् नाय काय!"

"मला कळतंय ना, अण्णा."

"विकायची नसंल तर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी सरळ टाकीचा नळ सोडला. फेसाळ बिअर मोरीतून वाहायला लागली. मी नळाकडे धावलो. "अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. दुसरी शोधेन. खराब माल चांगला म्हणून विकायला मी नाही जन्माला आले."

त्याच संध्याकाळी बाई काम सोडून गेल्या. त्यांच्या जागी नवा माणूस आला, पाठोपाठ इसेन्सही आलं. गर्दी वाढली, खोटं कशाला सांगू? पण मला काही ते पचेना. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आंब्याची बिअर कशी आहे?" मालक शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "वास आहे आंब्याचा. आंबा कुठे आहे, ते अण्णांना विचारा."

अण्णांनी मला तिथल्या तिथे काढलं. मी म्हटलं, "उपकार झाले!"