मोंबासाला निघालेली उशी

जगातल्या प्रत्येक माणसाच्या झोपेची जबाबदारी आपल्यावर आहे असं मानणारा माणूस वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे मामासासरे. माझ्या यजमानांचे सख्खे मामा. वर्ध्यात त्यांचं गाद्या-उश्यांचं दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान आणि दोन्हींमध्ये सदैव तरंगणारा कापूस. त्यांच्या घरी चहा प्यायचा म्हणजे आधी कपावर फुंकर मारायची, हे मी लग्न होऊन शेजारच्या घरात आले त्याच आठवड्यात शिकले. गाद्या ते पोटासाठी करत. जीव होता तो उशीत. तीही साध्या कापसाची नव्हे, सावरीच्या. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं उकलली की आतून रेशमासारखा कापूस निघतो, पण त्याचं सूत निघत नाही. घरोघरी चरखा फिरणाऱ्या आमच्या गावात सूत न देणाऱ्या कापसाची किंमत वाया गेलेल्या मुलाएवढी होती. मामाजींनी त्या मुलाला दत्तक घेतलं होतं आणि तो एक दिवस परदेशी जाऊन नाव काढणार याची त्यांना खात्री होती.

दुकान वाढवायचं तर कोणत्या गावात आणि कसं शिरायचं, याचं मामाजींचं स्वतःचं शास्त्र होतं. त्याचा पहिला नियम असा की नव्या गावात माल न्यायच्या आधी तिथे एक रात्र झोपून पाहायचं, आणि तेही तिथल्याच उशीवर. झोप लागली तर त्या गावाला आपली गरज नाही. नियम उत्तम होता. खोट एवढीच की मामाजींना स्वतःच्या घराबाहेर कधीच झोप लागत नसे. त्यामुळे आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, जिथे जिथे ते मुक्काम करून आले, तिथून तारवटलेल्या डोळ्यांनी पण आनंदात परतले. "सूनबाई, अख्खं गाव जागंच हाय! आपली लई गरज हाय तिथं." मामीजी चुलीपाशी बसून म्हणत, "इंद्राच्या महालात नेऊन टाकलं तरी या माणसाले झोप नाई यायची. मंग इंद्रालेबी उशी इकतीन."

आर्वीत त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. तिथे ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. मामाजी रोज दुकान उघडून बसत आणि लोक रोज त्यांना कापसाचे व्यापारी समजून भाव विचारून जात. ते दुकान गुंडाळल्यावर त्यांनी पवित्रा बदलला. तळेगावात स्वतः जाऊन बसायचं नाही. तिथल्याच किराणा दुकानदाराकडे माल ठेवायचा आणि विक्रीमागे त्याला काही द्यायचं. त्या भल्या गृहस्थाने उश्या लाल मिरचीच्या पोत्यांवर रचल्या. ज्यांनी विकत घेतल्या ते रात्रभर शिंकत बसले, आणि बाजाराच्या दिवशी उश्या डोक्यावर घेऊन परत करायला आले. मामाजींनी त्यातूनही बोध घेतला. "माल ज्याच्या घरी राह्यला, त्याच्याच वासाचा होते. माणूस पाहून माल द्यावं, सूनबाई, दुकान पाहून नाई." हिंगणघाटला म्हणून त्यांनी एका कापडवाल्याशी अर्ध्या हिश्शाची भागी केली. कापड त्याचं, कापूस आपला. ही भागी मात्र जमली, कारण कापडवाल्याला स्वतःला दुपारी झोपायची आवड होती आणि तो गिऱ्हाइकांसमोरच आडवा होई. याहून चांगली जाहिरात मी पाहिलेली नाही.

मग छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावात सभा झाल्या, वाद झाले. मामाजींना मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसली. "पाह्य! मी मुंबईत कसं शिराव याचा इचार करून राह्यलो होतो, तर मुंबईच आपल्या घरात येऊन बसली. याले म्हणतात धंदा." मुंबई आपोआपच हाती आली म्हटल्यावर त्यांची नजर समुद्रापार गेली.

परदेशात जाऊन झोपून पाहणं शक्य नव्हतं. पण परदेशच वर्ध्याला येत होता. सेवाग्राम पाहायला तेव्हा देशोदेशीचे लोक आमच्या स्टेशनवर उतरत. मामाजी गाडीच्या वेळेला फलाटावर हजर राहत आणि गोरा माणूस दिसला की त्याला हाताला धरून घरी जेवायला आणत. एकदा एक उंच, दाढीवाला तरुण आणला. कुठल्याशा बर्फाच्या देशातला होता. जेवण झाल्यावर मामाजींनी त्याला ओसरीवर चटई घालून दिली आणि नवी कोरी उशी ठेवली. त्याने उशीला नमस्कार केला, सूत कातायची आपली टकळी आणि कापसाचे पेळू काढून मोठ्या आदराने तिच्यावर मांडले आणि स्वतः हाताची घडी डोक्याखाली घेऊन झोपला. असे तीन-चार पाहुणे झाले. कोणी उशीवर पोथी ठेवली, कोणी ती मामीजींना परत दिली. मामाजींनी निकाल दिला : "युरोपात उशीची चालच नाई. तिकडं जाण्यात अर्थ नाई." मी म्हटलं, "मामाजी, जे लोक गादी-उशी टाकून द्यायला मुद्दाम इतक्या लांब येतात, त्यांनाच तुम्ही उशी हवी का म्हणून विचारताय. जे मऊ बिछान्यात झोपतात ते आपापल्या घरी आहेत." "मंग ते कावून येत नाई इकडं?" मामाजी म्हणाले. युरोप कायमचा बाद झाला.

आफ्रिका मात्र स्वतः चालत आली. शेजारच्या कापूस-दलालांचे मेहुणे मोंबासाला कापडाचं दुकान चालवत. सगळे त्यांना शेठ म्हणत. लहानपण वर्ध्यात गेलेलं, त्यामुळे बोलणं आपल्यातलंच. बहिणीकडे आले होते. एका दुपारी मामाजींच्या उशीवर जरा टेकले ते थेट चहाला उठले, आणि उठल्या उठल्या म्हणाले, "मामाजी, ही चीज आमच्याकडं चालेल."

मामाजींनी त्याच संध्याकाळी ट्रंक काढली. उश्या भरून पाठवायच्या. शेठ हसले. "जहाजवाले वजन नाही बघत, जागा बघतात. तुम्ही माल नाही, हवा पाठवून राह्यले." हवा काढून दाखवतो, म्हणून मामाजींनी उश्या ट्रंकेत कोंबल्या, झाकणावर मामीजींना बसवलं आणि कडी लावली. मामीजी उठल्या, तशी कडी तुटली आणि झाकण भिंतीवर आपटलं. "मलेबी पाठवा मंग बोटीतून, झाकणावर बसाले," मामीजी म्हणाल्या.

शेठनी दुसरी वाट सांगितली. त्यांच्याकडे समुद्राकाठी सावरीसारखंच झाड होतं, तसाच कापूस देणारं. त्याच कापसाची, बोटीवर वापरलेली एक लहानशी उशी त्यांनी सोबत आणली होती. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला. खोळी इथे शिवू, त्या घडी घालून जातील. कापूस तिथला भरा, हिस्सा ठरवून घ्या. मामाजींचा चेहरा पडला. "म्हणजे कातडं माझं आन् जीव परका? मंग ते उशी कोनाची?" त्यांच्या लेखी हा हिशेबाचा प्रश्न नव्हताच. आयुष्यभर जे समुद्रापार जावं म्हणून जागले, ते जाताना आपलं राहणार की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

तेव्हा शेठ म्हणाले, "असं असेल तर तुम्हीच चला. एक वरीस राहा. कापूस कसा निवडायचा, किती भरायचा, आमच्या लोकांना शिकवा. बोटीचं माझ्याकडं."

साठी ओलांडलेला माणूस, आणि आयुष्यातली एकच इच्छा अशी ताटात वाढून आलेली. मामीजींना तेव्हा सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. खोळी त्या हाताच्या अंदाजाने शिवत. त्या एवढंच म्हणाल्या, "जाजो. मी काही धरून नाई ठेवत." आणि कणीक मळायला बसल्या, जेवणं होऊन गेली होती तरी.

मामाजींनी नियम काढला. "आधी त्याहीच्या कापसावर झोपून पाह्यतो. झोप नाई लागली तर गेलंच पाहिजे. त्याहीचा हात बसवून द्या लागन." आणि शेठची ती परकी उशी घेऊन ते आपल्या नेहमीच्या खाटेवर आडवे झाले.

सकाळी ऊन ओसरीवर आलं तरी उठेनात. शेवटी शेठनीच हाक मारली. मामाजी उठून बसले, उशी हातात घेऊन दाबली, शिवणीला नाक लावून वास घेतला. "चांगला हाय यांचा कापूस," ते सावकाश म्हणाले. "मी तिथं जाऊन काय शिकवू? खोळी पाठवू, शेठ. भरा तुम्ही."

आपल्या घरात, आपल्या खाटेवर या माणसाला दगडावरही झोप लागली असती, हे मला ठाऊक होतं. मी मामीजींकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी चहा ठेवला.

खोळी गेल्या. पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड, हिरवी किनार. कापणं माझ्याकडे, शिवणं मामीजींकडे आणि गल्लीतल्या बायकांकडे, सुईत दोरे ओवून देणं मामाजींकडे. फार मोठा धंदा झाला नाही, पण बरीच वर्षं नेमाने चालला. मोंबासाचं घड्याळ आपल्या मागे चालतं हे शेठनी एकदा सांगितलं, आणि त्या दिवसापासून मामाजी दोन गावांत राहू लागले. संध्याकाळी दुकान बंद करून ओट्यावर बसले की मला हाक मारून सांगत, "इथं दिवे लागले, सूनबाई. तिकडं अजून ऊन हाय. गिऱ्हाईक येत असन." गल्लीतली माणसं हसत. मी कामात असे. हो म्हणून पुढे जाई.

शेवटच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले होते. मी दूध घेऊन गेले तेव्हा मामीजी कंदील लावत होत्या.

"आत्ताच कावून लावतं?" मामाजींनी विचारलं.

"अंधार झाला," मामीजी म्हणाल्या.

"तिकडं?"

"तिकडं हाय ना ऊन."

"मंग दुकान चालू हाय म्हन की," मामाजी म्हणाले, आणि कुशीवर वळले. मामीजींनी वात थोडी बारीक केली.