बाजूची सीट

गेवराईच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून मी ती दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन ठणठणीत होतं, कुरबुरी सगळ्या आतल्या होत्या. काचेचं हँडल नुसतंच गोल फिरायचं. डॅशबोर्डवरच्या कप्प्याचं झाकण खड्डा आला की गुडघ्यावर आपटायचं. स्पीडच्या काट्यामागचा दिवा लागत नव्हता आणि ड्रायव्हरशेजारची सीट ब्रेक मारला की रुळावरून पुढे सरकायची. बीडमध्ये माझं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, त्यामुळे मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता.

"ताई, उरलेली अर्धी गाडी कधी यायची?" शेजारच्या किराणावाल्याने विचारलं.

"तुम्ही मापात साखर द्यायला लागलात की," मी म्हटलं.

तेवढ्यात माझी थोरली बहीण हात पुसत बाहेर आली. तिचा नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. गाडी आली की कपिलधारला दर्शनाला जायचं, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. तिने गाडीला एक फेरी मारली आणि वाकून सीटांच्या मागे पाहिलं.

"बारके, याला मागं शीटच न्हाई की."

"नाही."

"मंग माजं काम न्हाई. तुजं तू जा बाई." आणि ती आत गेली.

ड्रायव्हरशेजारची सीट तिच्या डोळ्यांसमोर होती, पण ती आपल्यासाठी असेल हे आक्काच्या मनातही आलं नाही. का, ते मला माहीत होतं. शिरूर कासारच्या वसतिगृहात राहून मी शाळा शिकत होते तेव्हा ती आईवडलांबरोबर ऊस तोडायला जायची. दोघींपैकी एकीलाच मागे ठेवता येत होतं, आणि माझे मार्क चांगले होते. ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी टोळीचा मुकादम बसायचा. मागे भांडी, कोंबड्या, अंथरुणं आणि माणसं. ती सवय तिची कधी गेली नाही. माझ्या दुकानाच्या टेम्पोतही ती आपणहून मागे चढते.

"आक्का, इथे बस," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकं, आणि घरी चप्पल काढल्यापासून आक्काचं बोलणं. मला तासभर कुणीच शेजारी नको होतं.

दोन रविवारांत मी बाकी सगळं केलं. हँडलची झिजलेली क्लिप बदलली, झाकणाला नवा खटका लावला, दिव्याचा होल्डर पॉलिश पेपरने घासला. सीट अडवणारा बोल्टही आणला. दहा मिनिटांचं काम होतं. तो मी बटणांच्या डब्यात टाकला. कुणी विचारलंच तर सांगायला बरं, की सीट हलते, माणूस बसवणं धोक्याचं आहे. कुणीही विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी एकटीच निघायचे. मांजरसुंब्याच्या बाजूला जायचं आणि कपिलधारच्या फाट्यावरून मागे वळायचं.

"कुठवर गेलतीस?" आक्का विचारायची.

"अशीच, जरा लांब."

ती ताट वाढायची. फाट्याचं मी कधी बोलले नाही.

एका संध्याकाळी पोलक्याचं बटण शोधताना तिला तो बोल्ट सापडला. पदराने पुसून तिने माझ्यासमोर धरला. "हे बग, तुज्या गाडीचं हाय का? शोधून शोधून दमली असशील."

मी बोल्ट घेतला, अंगणात गेले आणि बसवला. खरंच दहा मिनिटं लागली. दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. मग आत जाऊन म्हटलं, "आक्का, उद्या कपिलधारला जायचं. तू पुढे बसायचं."

"पुढं?" ती हसली. "मी काय मुकादम हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली. आधी टेकली, मग हाताने एकेक गुडघा आत ओढला. "भुईवर बसल्यावानी वाटतंय." पिशवी मांडीवर घट्ट धरून ती सीटच्या कडेवरच बसली, पाठ न टेकता. शहर संपेपर्यंत गप्प होती. इतकं गप्प मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आणि आता मलाच ती बोलायला हवी होती.

चढ लागला तशी ती मागे टेकली.

"मुकादमाला रस्ता असा दिसायचा व्हय गं?" ती म्हणाली. "आमाला नुसता मागं पडलेला दिसायचा."

बोल्ट हरवलेला नव्हता, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने हँडल फिरवून काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"ब्येस बसवलंस की. मोडलेलं काय बी असू दे, तुज्या हातानं नीट हुतंय बग."

"हं," मी म्हटलं, आणि फाट्यावर गाडी आत वळवली.