मामांचा ब्रेक

माझे मामेसासरे या जगात दोघांवरच विश्वास ठेवत: एक स्वतः आणि दुसरा त्यांचा मल्टिमीटर. त्या दोघांतही मतभेद झाला, तर ते आधी मल्टिमीटरचा सेल बदलत. कतारमधल्या दुखानच्या तेलकंपनीत त्यांचं काम मीटर तपासायचं. बहुधा त्यामुळेच, काट्याने दाखवलेलं खरं असतंच असं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. दुकानातून सीलबंद दूध आणलं तरी आधी वास घ्यायचे. कोणी ‘इन्शाल्ला, उद्या येतो’ म्हणालं, की ‘उद्या म्हणजे किती वाजता?’ असं विचारून त्याला वहीत वेळ लिहायला लावायचे. एकदा मी दोह्याहून त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि ‘मामी, आमटी झकास झालीये’ म्हणालो, तर मामा ताटावरून मान वर करून म्हणाले, ‘जावईबापू, काही काम आहे का?’

अशा माणसाने कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यावी, याचं कारण मामी. मामींना समुद्राचं वेड, पण तंबूत वाळूवर झोपलं की त्यांची पाठ दोन दिवस सरळ व्हायची नाही. कंपनीतला एक इंग्रज देश सोडून चालला होता, त्याची अमेरिकन बनावटीची कॅराव्हॅन होती. तो ती सोडून जातोय म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय, म्हणून मामांनी तिच्या खाली सरपटत एक पूर्ण शुक्रवार काढला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मामी म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही आता बाहेर या, मला आत जाऊन बसू द्या.’ आणि कॅराव्हॅन घरासमोर आली.

तिच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक होते. ते किती जोराने लावायचे हे ठरवणारा एक छोटा डबा गाडीत स्टिअरिंगखाली बसवावा लागतो. नाहीतर गाडी थांबते आणि मागचं धूड तिला ढकलत राहतं. डब्याचे प्रकार दोन. पहिल्यात आपण ब्रेकवर पाय ठेवला की तो ठरवून दिलेल्या जोराने मागचे ब्रेक लावतो, आपण हळू दाबला की कचकन, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्यात एक लोलक असतो. गाडी किती जोरात थांबतेय हे त्याला कळतं आणि तेवढाच ब्रेक तो मागे लावतो. मामांनी महिनाभर दोन्हींची माहितीपत्रकं उशाशी ठेवली. मग मला फोन करून म्हणाले, ‘पहिला डबा मूर्ख आहे, दुसरा शहाणा. शहाण्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण दुसराच घेऊ.’ सुटीवरून परतणाऱ्या एका अमेरिकन सहकाऱ्याने तो आणून दिला, तेव्हा मामांनी त्याच्यादेखत भिंग काढलं आणि स्क्रूंवर आधीच कोणी पेचकस लावलाय का ते पाहिलं.

बसवायला मी आमच्या ओळखीच्या हनीफभाईंना घेऊन गेलो. हनीफभाई मूळचे श्रीवर्धनचे, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करायचे, माणूस अबोल. ते आधी गाडीत, मग कॅराव्हॅनखाली उताणे झोपून वायरी जोडत होते आणि मामा त्यांच्या तोंडावर टॉर्च धरून उभे होते. प्रत्येक जोड मामांनी मीटरने तपासला. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मामींच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर. नट कोणी फिरवला तर रेघ तुटून चोरी पकडली जाणार. गल्लीत कॅराव्हॅन ओढून पाहिली, चाकं छान धरत होती. हनीफभाई हात पुसत म्हणाले, ‘खलास, साहेब.’

‘खलास कसं? तुम्ही कुठे चुकलात ते अजून सापडलं नाही.’

हनीफभाई फक्त हसले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं समुद्रावर निघालो. मामा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे मामी आणि माझी बायको. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग रस्त्यावरच्या एका खड्ड्यात कॅराव्हॅन दणकन आदळली, आणि त्यानंतरच्या राउंडअबाउटवर मामांनी ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. मागून कोणीतरी खांदा लावून ढकलावं तशी ती थेट वर्तुळात घुसली. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. तो करकचून थांबला तो मामींच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. मामींनी माझ्या बायकोचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी वाढली.

कशीबशी गाडी कडेला घेऊन मामांनी मोबाइल काढला. ‘हनीफ, आज माझी बायको मेली असती. तुमच्यामुळे.’

पलीकडून आवाज आला, ‘नमाज पढून येतो, साहेब. गाडी हलवू नका.’

पिकअप घेऊन ते आले, ऐंशी-एक किलोमीटरवरून. थेट कॅराव्हॅनखाली शिरले. ‘अर्थिंगची वायर सुटलीय, ब्रेकला करंटच नाय. नट ढिला हाय. पण साहेब, तुमची रेघ बघा.’ मामा वाकले. रेघ तुटली होती. ‘बघा, कोणीतरी हात लावलाय!’ मामा गरजले.

मामी शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, काल दुपारी पाना घेऊन तिथे तुम्हीच बसला होतात. वॉशर घातलाय की नाही ते बघायला. मी चहाला हाक मारली, आणि तुम्ही दुधाचा वास घ्यायला आत आलात ते परत गेलाच नाहीत.’

मामांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. हनीफभाईंनी वायर लावली, नट आवळला आणि प्यायला पाणी मागितलं. ‘व्हतं असं,’ एवढंच म्हणाले. मग आपल्या गाडीच्या स्टिअरिंगला बायकोलाही हात लावू न देणाऱ्या त्या माणसाने किल्ली पुढे केली. ‘हनीफभाई, मी तुम्हाला फार वाईट बोललो. आज तुम्ही चालवा. माझा माझ्यावर भरवसा नाही.’ पिकअप तिथेच कडेला ठेवली. समुद्रापर्यंत मामा मागच्या सीटवर मामींशेजारी बसले होते, आणि त्यांनी एकदाही स्पीडोमीटर पाहिला नाही.

मामींना त्या समुद्राचे दोन हिवाळे मिळाले. त्यानंतर मामा निवृत्त होऊन नाशकाला परतले, आणि दोनेक वर्षांत मामी गेल्या. आता ते एकटेच असतात. मी दर आठवड्याला फोन करतो. हनीफभाई मजेत आहेत असं सांगितलं, की पूर्वी लगेच विचारायचे, ‘तुम्हाला कोणी सांगितलं? स्वतः भेटलात का?’ हल्ली विचारत नाहीत. नुसतं ‘बरं’ म्हणतात. आणि ते ‘बरं’ ऐकलं की फोन ठेवल्यावर वाटतं, त्यांनी विचारायला हवं होतं.